तालुक्याची अभ्यासिका, महिना ६०० रुपये, अन् शनिवारच्या चिठ्ठीत निघालेली बास्क बाई

आठ महिने झाले मी या अभ्यासिकेत येऊन राहिली. महिन्याचे ६०० म्हणजे ४८०० फी गेली, लॉकरच्या किल्लीचे २०० डिपॉझिट वेगळे, तं एवढा पैसा गेल्यावर चार ओळी लिहायचा हक्क झाला म्हणून लिहून राहिली. नाव टाकत नाही, जे चांगलं आहे ते अभ्यासिका चालवणाऱ्या सरांना तोंडावर सांगितलं अन् जे खराब आहे तेही तोंडावरच सांगितलं, उगाच कोणाची बदनामी कशाला. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव समजा, खाली कृषी केंद्र अन् वर अभ्यासिका.

मी कोण हे सांगावं लागते कारण अशा ठिकाणांचे रिव्ह्यू सगळे पोट्टे लिहितात, त्यांना वायफाय अन् चार्जिंग पॉइंट एवढंच दिसते. मी ३४ वर्षांची, दोन लेकरं, बीए मुक्त विद्यापीठातून, २०२१ च्या जानेवारीत गावच्या ग्रामपंचायतीत निवडून आली, अन् आता मुख्यसेविकेच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. सकाळी ९ च्या एसटीनं येते, २०२३ ला बायकांना हाफ तिकीट झालं म्हणून हे जमते, नाहीतर रोजचं जाणं-येणं परवडलंच नसतं. वापस जायची शेवटची गाडी साडेसहाची. ही साडेसहाची गाडी ध्यानात ठेवा, पुढं काम पडते.

जिना लोखंडी अन् अरुंद, पावसाळ्यात घसरते, साडी नेसून येणाऱ्यांनी सांभाळून. वर टिन, टिनाखाली थर्माकोलचं सीलिंग, एकूण ४२ टेबलं. त्यातली १२ मागच्या बाजूला प्लायवूडचं पार्टिशन टाकून बायका-पोरींना दिलेली, १२ पैकी सात प्लग चालतात. खिडकीजवळचं चार नंबरचं टेबल मिळालं तं सोडू नका, हवा येते अन् खालून कापसाच्या गाड्या जाताना दिसतात, डोळ्याला बरं वाटते. जून ते ऑगस्ट खालच्या दुकानातून फवारणीच्या औषधाचा वास वर येते, दुपारनंतर डोकं धरते. सरांनी खिडकीला पडदा लावून दिला, आता वासाला पडदा काय करणार. उन्हाळ्यात कूलर दोन, एकाची खस नवीन आहे अन् दुसऱ्याचा पंखा असा बोंबलते की शेजारचा पोट्टा पाठांतर करून राहिला का कण्हून राहिला तेच समजत नाही. पाण्याचा कॅन रोज बदलतात, त्याचे पूर्ण मार्क. इन्व्हर्टर दोन तास टिकते. पेपर येतात ते सगळे आधी पोलीस भरतीवाल्यांकडं जातात अन् आमच्याकडं आले की त्यात शब्दकोडं भरलेलं असते.

संडास एकच. कडी तुटलेली. म्हणजे एक जण आत अन् एक जण बाहेर राखणीला, असं ठरवून जावं लागते. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा सर म्हणाले उद्या सुतार येते. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

एवढं असून मी दुसऱ्या अभ्यासिकेत काहून गेली नाही, तिथं तं एसी आहे अन् खुर्चीला गादी आहे. तं त्याचं कारण शनिवार.

शनिवारी पाच वाजता पुस्तकं बंद करायची. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, इतिहास-भूगोल शिकवायचे, ते स्टीलचा डबा घेऊन मधात उभे राहतात. डब्यात चिठ्ठ्या. ज्याचा नंबर असेल त्यानं एक उचलायची अन् पुढच्या शनिवारी त्या विषयावर २० मिनिटं उभ्यानं बोलायचं, हातात कागद घ्यायचा नाही, मोबाइल तं नाहीच. याचे वेगळे पैसे नाहीत, ६०० मधातच. अर्धे पोट्टे शनिवारी पाचला दहा कमी असताना चहा प्यायला म्हणून उतरतात ते सोमवारीच दिसतात. मीही पहिले दोन महिने बरोबर साडेचारला लेकराला बरं नाही म्हणून निघून जायची. माझं लेकरू दर शनिवारी आजारी पडते हे सरांच्या ध्यानात आलं.

माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, बास्क बाई, प्रादेशिक राजकारण, नाव तुम्ही शोधा. मी मोठ्यानं वाचलं अन् मागून एक जण म्हणाला, काकू, बास्केटबॉल खेळते का ते. सगळे हसले, मी पण हसली, कारण मला तरी कुठं माहीत होतं.

घरी स्वयंपाक झाल्यावर मोबाइल घेऊन बसली. बास्क लोक म्हणजे स्पेनच्या उत्तरेला अन् थोडे फ्रान्समध्ये, त्यांची भाषा एउस्कारा, तिचं आजूबाजूच्या कोणत्याच भाषेशी नातं लागत नाही, एकटीच उभी आहे. सगळ्यात आधी जे नाव वर येते ते डोलोरेस इबारुरी, खाणीच्या भागातली बाई, 'ला पासिओनारिया' म्हणून जगभर नाव झालेलं. मी खूश, सापडली. सोमवारी सरांना सांगितलं तं म्हणे नाही चालत, ती अख्ख्या स्पेनच्या राजकारणातली अन् १९३६ ला निवडून आली तीही अस्तुरियासमधून, मी प्रादेशिक म्हटलं होतं. मग दुसरी सापडली, इझास्कुन बिल्बाओ, बेर्मेओ या मासेमारीच्या गावची, २००५ मध्ये बास्क संसदेची पहिली महिला अध्यक्ष झाली. चांगली होती, तीच धरणार होती. पण मंगळवारी रात्री पाम्पलोना शहराचा फोटो समोर आला, गल्लीतून बैल पळून राहिले अन् त्यांच्यासमोर पांढऱ्या कपड्यातले लोक लाल रुमाल बांधून पळून राहिले. आमचे हे बाजूला झोपले होते ते उठून बसले, म्हणे हा कुठला शंकरपट. मी म्हटलं आपल्या पटात बैल पळतात अन् माणूस त्यांना हाकते, यांच्यात माणूस पळते अन् बैल त्याला हाकते. जुलैच्या ६ तारखेपासून १४ पर्यंत चालते, सान फेर्मिन म्हणतात. त्या शहरात १९६४ मध्ये जन्मलेली बाई पत्रकार झाली, बास्क टीव्हीवर बातम्या सांगायची, नंतर नगरपालिकेत विरोधी बाकावर बसली अन् शेवटी अख्ख्या नवारा प्रांताची प्रमुख झाली. नगरपालिका हा शब्द वाचला अन् मी म्हटलं हीच.

नाव उशुए बार्कोस. मी आधी उक्सू म्हणून राहिली होती, स्पेलिंगमध्ये एक्स आहे ना. सर म्हणाले बास्क भाषेत एक्सचा उच्चार श. हे त्यांना कसं माहीत देव जाणे, जन्मभर झेडपीच्या शाळेत नकाशे लटकवलेला माणूस.

याच सरांनी माझी एक मोठी चूक पकडली, ते लिहितेच कारण इथली खरी सर्व्हिस ती आहे. मी धरून चालली होती की बास्क प्रदेश अन् नवारा एकच. सरांनी जुना ॲटलास काढला, पानं सुटलेली, रबर बँड लावलेला, अन् बोट ठेवून दाखवलं की बास्क स्वायत्त प्रदेश म्हणजे तीन प्रांत, आलावा, बिस्काया, गिपुस्कोआ, राजधानी विटोरिया, अन् त्याला लागून नवारा, ते कागदोपत्री वेगळं, त्याची संसद वेगळी, पाम्पलोनात. पण नवाराच्या उत्तर भागात घरोघरी बास्क बोलतात, दक्षिणेकडं स्पॅनिश. १९८६ च्या कायद्यानं तं नवाराचे भाषेवरून तीन पट्टेच पाडले, बास्कचा, मिश्र, अन् बिनबास्क. पट्ट्यावरून ठरते तुमच्या ऑफिसात बास्कमध्ये अर्ज चालते का नाही. मी सरांना म्हटलं हे आपल्यासारखंच झालं, वऱ्हाडातला माणूस अन् झाडीपट्टीतला माणूस दोघंही विदर्भाचे पण एकमेकाची बोली ऐकून हसतात. सर म्हणाले थोडं तसं, पण त्या बोलीवरून तिथं सरकारं पडतात.

तेव्हा मला समजलं बार्कोसची गोष्ट इतकी अडचणीची काहून. नवारात बास्कवादी राजकारण करणं म्हणजे अर्ध्या लोकांना भीती वाटते की ही बाई आपला प्रांत त्या तिघांत नेऊन मिसळेल. नवाराला आपल्या वेगळेपणाचा लय अभिमान, जुनं राज्यच होतं, १५१२ मध्ये कास्तीलनं जिंकलं. अन् आजही कर नवारा स्वतः गोळा करते, मग माद्रिदला, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारला, आपला वाटा देते, आपल्यासारखं आधी सगळं वर पाठवा अन् मग अनुशेष अनुशेष करत बसा असं नाही. हे ऐकून शनिवारी एक म्हातारे बाबा, पेपर वाचायला येतात ते, एकदम खुर्चीत पुढं सरकले, म्हणे वेगळ्या विदर्भासाठी जांबुवंतराव धोट्यांनी हेच तं मागितलं होतं. सरांनी त्यांना गप्प केलं, नाहीतर नागपूर करारापासून सुरू झाले असते, १९५३ पासून ते २० मिनिटांत येत नाही.

आता शनिवारचं सांगते. माझ्या पोटात गोळा. ग्रामपंचायतीच्या सभेत मी बसून बोलली आहे, उभ्यानं नाही. मी घरून प्लास्टिकच्या पुड्या नेल्या होत्या, सरकी, तूर, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, ज्वारी, अन् थोडे मूग. टेबल मधात ओढलं अन् म्हटलं ही नवाराची संसद, ५० जागा, साल २०१५. सरकीचे १५ दाणे ठेवले, हा यूपीएन, उजवा पक्ष, बास्कवाद्यांना कट्टर विरोध, १९९६ पासून सलग सत्तेत. तुरीचे ९, हा बार्कोसचा गेरोआ बाय, बास्कमध्ये गेरोआ म्हणजे भविष्य अन् बाय म्हणजे हो. हरभऱ्याचे ८, ईएच बिल्दू, डावे बास्कवादी. सोयाबीनचे ७, पोदेमोस, तेव्हा नवीनच निघालेला पक्ष. शेंगदाणे ७, पीएसएन, समाजवादी. ज्वारीचे २, इस्किएर्दा-एस्केर्रा, डावे. मुगाचे २, पीपी, अख्ख्या स्पेनमधला उजवा पक्ष. मग विचारलं, सांगा, मुख्यमंत्री कोण.

सगळे म्हणाले सरकी. अर्थात. सगळ्यात मोठा ढीग सरकीचाच होता.

मी तूर, हरभरा, सोयाबीन अन् ज्वारी हातानं एका जागी ओढली. मोजा. एका पोरीनं मोजली, २६. पन्नासात २६. संपलं. १५ वाला घरी अन् ९ वाली बाई खुर्चीवर, जुलै २०१५, चार पक्षांनी लेखी करार करून. शेंगदाण्याची गरजच पडली नाही, अन् तेवढ्यात पाहिलं तं पोलीस भरतीच्या एका पोट्ट्यानं चार शेंगदाणे खाऊनही टाकले होते. म्हटलं बावा, समाजवादी पक्ष खाल्ला तुनं.

पण हे २६ एका दिवसात जमलेले नाहीत, अन् मला बोलायचं होतं ते त्याच्या आधीचं. २००४ मध्ये चार-पाच छोटे पक्ष मिळून नाफारोआ बाय नावाची आघाडी झाली अन् ही टीव्हीवाली बाई माद्रिदच्या संसदेत गेली. ३५० खासदार अन् त्यांच्या आघाडीची ही एकटी. नवाराचे खासदारच पाच. एकट्या खासदाराला बोलायला मिनिटं किती मिळत असतील ते आमच्या मासिक सभेत बसलेल्या बाईला विचारा. मग २००७ मध्ये पाम्पलोना नगरपालिकेत हिची आघाडी २७ पैकी ८ जागा घेऊन दोन नंबरला आली. यूपीएनला १३. म्हणजे बाकीच्यांची बेरीज १४, एक जास्त. तरी महापौर यूपीएनचीच झाली, योलान्दा बार्सिना, कारण विरोधक एका नावावर आलेच नाहीत, अन् तिथला नियम असा की कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल तं सगळ्यात जास्त मतं घेणाऱ्या यादीचा माणूस बसते.

त्याच उन्हाळ्यात प्रांतातही तेच. यूपीएन २२, नाफारोआ बाय १२, समाजवादी १२, बाकी किरकोळ. स्थानिक समाजवादी बास्क आघाडीसोबत सरकार बनवायला निघाले होते, बोलणी होत आली होती, अन् ऑगस्टमध्ये माद्रिदहून त्यांच्याच पक्षाचा निरोप आला, नाही म्हणजे नाही. गेलं सरकार. यूपीएन परत बसली. २०११ मध्ये तं आघाडीच फुटली, तेव्हा गेरोआ बाय झाला, अन् बाई परत एकटी निवडून माद्रिदला. २००४ ते २०१५, अकरा वर्षं नुसती बेरीज हुकत होती.

इथं मी थांबली. तोंड सुकलं होतं. अन् मी ठरवलेलं नव्हतं पण माझ्या तोंडातून आमच्या गावची गोष्ट निघाली.

आमची ग्रामपंचायत नऊ जणांची. २०२१ ला निकाल लागला तं एका पॅनलचे ४, दुसऱ्याचे ३, अन् आम्ही दोघं अपक्ष. तेव्हा सरपंच सदस्यांतूनच निवडायचा होता. चारवाल्यांनी गुलाल आणून ठेवलेला. रात्री ते आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, आमच्या ह्यांच्याशी बोलले. दीड तास. मी आत चहा करून राहिली होती, दोनदा चहा झाला, साखर संपली म्हणून जाऊबाईकडून आणली. मत माझं, निवडून मी आलेली, अन् दीड तासात एकानं आत डोकावून वहिनी तुमचं काय म्हणणं असं विचारलं नाही. ह्यांनी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी वावरात होती, कापूस वेचायला, तिथं तीनवाल्या पॅनलची बाई धुऱ्यावरून चालत आली, माझ्यासोबत एक ओळ वेचू लागली अन् वेचता वेचता म्हणाली, पाच पाहिजेत ताई, तीन आहेत, तुम्ही काय म्हणता. एवढंच. निवडीच्या दिवशी मी तिच्यासाठी हात वर केला, दुसऱ्या अपक्षानंही केला. पाच. गुलाल चारवाल्यांच्या घरी पडून राहिला. आमचे हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी चहा मागितला.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मी म्हटलं, तं माझी ओसरी म्हणजे माद्रिद. मग हसले.

प्रश्न विचारायची वेळ असते शेवटी, दहा मिनिटं. पहिला प्रश्न आला तोच जो येणार होता, काकू तिचा नवरा काय करत होता. मी म्हटलं मी ते शोधलंच नाही. पोट्टा म्हणे काहून. मी म्हटलं मागच्या शनिवारी तुनं विलासराव सांगितले तं त्यांच्या बायकोचं शोधलं होतं का. पार्टिशनच्या बाजूनं टाळ्या आल्या.

दुसरा प्रश्न चांगला होता, तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोरीचा. मग पुढच्या निवडणुकीत ती जिंकली का. तं २०१९ मध्ये उजव्यांनी एकत्र येऊन नवारा सुमा नावाची आघाडी केली अन् २० जागा घेतल्या. बार्कोसच्या ९ च्या ९ राहिल्या, एकही कमी नाही, पण समाजवादी ११ वर गेले अन् आता बेरजेचा मधला ढीग त्यांचा झाला. त्यांची मारिया चिविते प्रमुख झाली अन् गेरोआ बाय तिच्या सरकारात सामील झाला. म्हणजे २०१५ ला ९ जागांनी जी खुर्ची मिळाली तीच २०१९ ला ९ जागांनी गेली. पोरगी म्हणाली म्हणजे हरली. मी म्हटलं बघा आता, २०११ पासून प्रमुख कोण कोण, बार्सिना, बार्कोस, चिविते, ओळीनं तीन बायका, तिघी वेगवेगळ्या पक्षाच्या, एकमेकींच्या विरोधात. शेजारच्या बास्क प्रदेशात २००५ पासून कायदा आहे की उमेदवारांच्या यादीत निम्म्या तरी बायका पाहिजेत, दर सहा नावांत तीन, तरी तिथं प्रमुखाच्या खुर्चीवर, लेहेंदाकारी म्हणतात त्याला, अजून एकही बाई बसली नाही. अन् आपल्या महाराष्ट्रातही १९६० पासून मुख्यमंत्री एकही बाई नाही. सर मागून म्हणाले आपल्या वर्ध्याच्या प्रभाताई राव पक्षाच्या प्रदेशाध्यक्ष होत्या, राज्यपाल झाल्या. म्हटलं सर, मी मुख्यमंत्रीच म्हटलं. नवाराची लोकसंख्या साडेसहा लाखाच्या आसपास, आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याची २०११ ला साडेसत्तावीस लाखाच्या वर, तिथं तीन बायका होऊन गेल्या.

हे सगळं होईपर्यंत सहा वाजून ३५ मिनिटं झाली. साडेसहाची गाडी गेली. हा या शनिवारच्या तासाचा सगळ्यात मोठा फॉल्ट अन् मी त्याचे मार्क कापणार म्हणजे कापणार, पाचला सुरू करायचं म्हणतात अन् सव्वापाचपर्यंत खुर्च्याच ओढत बसतात, तालुक्यात राहणाऱ्यांचं ठीक आहे, गावावरून येणाऱ्या बाईनं काय करावं. काळीपिवळीत पुढं दोन माणसं अन् मागं अकरा अशी बसून गेली, ४० रुपये, तिथं हाफ तिकीट नाही. घरी पोचली तं लहान्यानं भात अन् तेल-तिखट खाऊन घेतलं होतं. आमच्या ह्यांनी विचारलं एवढा उशीर काहून. म्हटलं २६ मोजून राहिली होती. ते म्हणे काय २६. मग त्यांनाही दाणे मांडून दाखवले, पलंगावर. त्यांनी सरकीच उचलली आधी.

तं मार्क. जागा अन् सोय पाचपैकी अडीच. वायफाय दीड, ४० जणांत एक कनेक्शन, मॉक टेस्ट द्यायची असेल तं आपलाच डेटा वापरा. सर पाच, ॲटलासचा एक जास्त. शनिवारचा तास चार, गाडीचा एक कापला. पोलीस भरती किंवा तलाठीची घाई असलेल्यांना शनिवार टाइमपास वाटेल, त्यांनी दुसरीकडं जावं, तिथं एसी आहे. इंटरव्ह्यूवाल्यांनी किंवा माझ्यासारख्या सभेत बसून राहणाऱ्या बायांनी एक महिना तरी फी भरून पाहावी. नवीन येणाऱ्यांनी किल्लीच्या २०० ची पावती मागून घ्या, मला दिली नव्हती अन् आता वहीत नाव सापडून नाही राहिलं.

अन् कडीचं राहिलं. चौथ्यांदा सांगायला मी गेलीच नाही. ४२ मध्ये आम्ही १२, आमच्या बेरजेनं काही होणार नव्हतं. एका शुक्रवारी डबा टेबलावर उघडा दिसला तं मी एक चिठ्ठी लिहून घडी करून आत टाकली, विषय, बायकांच्या संडासाची तुटलेली कडी, २० मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात ती निघाली, अन् निघाली कोणाच्या हातात तं तोच, समाजवादी खाणारा. त्यानं मोठ्यानं वाचली. सर चष्मा काढून आमच्या पार्टिशनकडं पाहत राहिले. पुढच्या शुक्रवारी दुपारी सुतार आला, पितळी कडी लावून गेला, आतून एक अन् बाहेरून एक. पोट्टा म्हणे सर आता तं कडी लागली, माझा विषय बदलून द्या. सर म्हणाले नाही, चिठ्ठी ते चिठ्ठी. २० मिनिटं बोलावं लागलं त्याला, अन् खरं सांगते, बरा बोलला.